छातीतलं वारं

"सुटलं! वारं सुटलं!"

लोणच्याच्या काचेच्या बरणीत पहिला बुडबुडा उठला की अख्खा मळा असा एका दमात ओरडायचा. मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांवर हात टेकून टाचा उंचवायची, बाया पदर पसरायच्या, हलगी कडाडायची. सतरंजीवर उताणा पडलेला रोगी डोळे उघडून आपल्याच छातीकडं बघत राहायचा.

शहाण्णव-सत्याण्णव सालातली ही गोष्ट. शिरोळच्या पुढं, नदीकाठच्या एका मळ्यात दर अमावास्येला सकाळी हा दरबार भरत असे. दरबार आकारामबाबाचा. पन्नाशीचा भरल्या अंगाचा माणूस, डाव्या खांद्यावर काळं घोंगडं, उजव्या हातात म्हशीचं शिंग. शिंगाच्या टोकाला रबरी नळी. ती नळी घोंगड्याखाली जायची आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येऊन पाण्यानं भरलेल्या बरणीत बुडायची. बाबा शिंगाचं तोंड रोग्याच्या छातीवर टेकवायचा, डोळे मिटून घुमायला लागायचा आणि बरणीत बुडबुडे यायचे. दमा असो, जुना खोकला असो, छातीतली कळ असो, बाबाच्या लेखी रोग एकच होता. आत शिरलेलं वारं.

"आत बी वारं, भाईर बी वारं, मधी मानूस बिचारं!" बाबा ठेक्यात म्हणायचा. "डाक्टर काय करतोय? सुई टोचतोय. म्या काय करतोय? वाऱ्याला वाट दावतोय! दिसतंय का रं?"

"दिसतंय!"

"दिसतंय न्हवं? मग इच्यारायचं कशाला?"

कुणीच विचारायचं नाही. बुडबुडे खरेच असायचे. मी स्वतः पाहिलेत. ते डोळ्यांना दिसत होते, म्हणूनच माझा भाऊ मेला.

माझं नाव निर्मला. कागलच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे आणि रोज यष्टीनं जाऊन-येऊन असायचे. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. अप्पा लवकर गेले. त्यांचं किराणा दुकान आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, सांभाळलं आणि पुढं माझ्या धाकट्या भावानं, प्रभुलिंगनं. घरात अव्वा, मी, प्रभू, त्याची बायको शिवलीला आणि त्यांची तान्ही सौंदर्या. शिवलीला सीमेपलीकडची, चिक्कोडीकडची. मराठी बोलताना अडली की कानडीत जायची आणि प्रभू तिला हसायचा.

प्रभू उंच आणि काटकुळा. पेठेतल्या एका संघाचा गोलकीपर. सामना असला की दुकानाची फळी दुपारीच खाली यायची. "आक्का, आज दुकानात बोंब होईल, पन गोलात न्हाई हुनार," असं म्हणून तो सायकलवर टांग टाकायचा. त्याचा जिवलग मित्र रशीद त्याच संघात बचावाला खेळायचा. एरवी रशीद स्वतःची ट्रॅक्स गाडी भाड्यानं चालवायचा. आमच्या अव्वाला तोही अव्वाच म्हणायचा आणि भूक लागली की आमच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरायचा.

पहिला प्रकार सरावात झाला. झेप घेतली नाही, धडक बसली नाही, नुसतं उभं असताना प्रभूच्या उजव्या छातीत सुरी खुपसल्यासारखं टोचलं आणि श्वास पुरेना. रशीदनं त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या छातीच्या डॉक्टर, डॉक्टर सदफ, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि आम्हाला दाखवला. डाव्या बाजूला फुप्फुसाची जाळी दिसत होती. उजव्या बाजूला नुसता काळा रिकामा भाग, आणि मधोमध मुठीएवढा गोळा.

"हा गोळा म्हणजे याचं फुप्फुस," त्या म्हणाल्या. "वरच्या टोकाला बारीक फुगे असतात काहींच्या. उंच, सडपातळ पोरांत जास्त. त्यातला एक फुटला. हवा फुप्फुसातून निसटून छातीच्या पोकळीत आली आणि तिनं बाहेरून फुप्फुसालाच दाबलं. ती हवा काढावी लागेल."

बरगड्यांच्या मधून नळी घातली. नळीचं दुसरं टोक पलंगाखाली पाण्याच्या बाटलीत. प्रभू खोकला की बाटलीत बुडबुडे यायचे. अव्वा तासन् तास त्या बाटलीसमोर बसून असायची. काही दिवसांनी बुडबुडे थांबले, एक्स-रेत फुप्फुस उमललेलं दिसलं, नळी काढली. नळी घालतानाची आणि काढतानाची वेदना मात्र प्रभूच्या मनातून गेली नाही. "आक्का, बैल डागत्यात तसं डागलं मला," तो म्हणायचा.

घरी सोडताना डॉक्टर सदफनी त्याला समोर बसवलं.

"हे पुन्हा होऊ शकतं, म्हणून नीट ऐक. सिगारेट बंद. कमी नाही, बंद. मी सांगेपर्यंत खेळ नाही. खोल पाण्यात बुड्या नाहीत, विमान नाही."

"इमान?" प्रभू हसला. "आमचं इमान म्हंजे कागलची यष्टी, म्याडम."

"दम कोंडून जोर लावायचा नाही. फुगे फुगवणं, शंख फुंकणं, काही नाही. आणि पुन्हा टोचलं किंवा दम लागला, तर त्याच दिवशी इथं यायचं. दुखायचं थांबलं तरी यायचं. दुखणं थांबतं, पण हवा आत तशीच राहते. दुसऱ्यांदा झालं तर ऑपरेशन करून ते फुगे काढू आणि फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटवून टाकू. चिकटलं की हवेला शिरायला जागाच राहत नाही."

प्रभूनं मान डोलावली. सिगारेट सुटली, मग चोरून सुरू झाली, शिवलीलानं खिशातलं पाकीट चुलीत टाकल्यावर पुन्हा सुटली. सौंदर्या उपडी व्हायला लागली, रांगायला लागली. आम्ही विसरत चाललो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी दहावीचे पेपर तपासायच्या कामाला बाहेरगावी गेले होते. दुकानात पोतं सरकवताना प्रभूच्या छातीत पुन्हा टोचलं. पहिल्याएवढं नाही. दवाखान्याचं नाव काढताच त्याला नळी आठवली. अव्वाला शेजारच्या झुंबरबाईनं आकारामबाबाचं सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी अमावास्याच होती. अव्वानं त्याला बाबासमोर नेऊन झोपवलं. शिंग टेकलं, बरणीत बुडबुडे आले.

मी परतले तेव्हा अव्वा उंबऱ्यातच उभी होती. तिचा चेहरा असा उजळलेला मी अप्पा गेल्यापासून पाहिला नव्हता.

"निर्मले, अगदी दवाखान्यातल्या बाटलीवानी! तसंच बुडबुडं. पन सुई न्हाई, कापाकापी न्हाई. पोराचं दुखनं दुसऱ्या दिवशी गेलं की!"

"प्रभू, खरंच गेलं?"

"दुखत न्हाई आक्का. जिना चढताना जरा धाप लागतीया, येवढंच."

ती धाप मला आणि शिवलीलाला, दोघींनाही ऐकू येत होती. मी त्याला त्याच दिवशी चल म्हटलं. तो उद्यावर ढकलत राहिला. शेवटी शिवलीलानंच एका सकाळी पोर कडेवर घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही येता का मी एकटी जाऊन त्या डॉक्टरबाईला घरी आणू?" दोघं अव्वाला न सांगता गेले.

एक्स-रेत अर्धं फुप्फुस मिटलेलं होतं.

डॉक्टर सदफनी त्याला तिथंच ठेवून घ्यायचं म्हटलं. कपडे घेऊन येतो, असं सांगून तो घरी आला आणि अव्वाला सगळं कळलं. ती रडली, कपाळ बडवून घेतलं. बाबानं निरोप पाठवला होता की पहिला उतारा पुरा व्हायला दुसऱ्या अमावास्येला साक्षीला यावंच लागतं, नाहीतर वारं दुप्पट होऊन परततं. आणि ती अमावास्या दुसऱ्याच दिवशी होती.

"आज चल," मी म्हटलं. "मी तुझ्या पाया पडते प्रभू, आज चल."

तो अव्वाकडं बघत होता. अप्पा गेल्यावर तिनं पहाटे उठून पोती उचललेली त्यानं पाहिली होती. "आक्का, उद्या सकाळी तिचं मन राखतो. तिथनं परस्पर दवाखान्यात. रशीदची गाडी हाय, तू बी संगं चल. कापा म्हनावं मला काय कापायचं ते."

मी संध्याकाळपर्यंत भांडले. त्यानं ऐकलं नाही. मग पिशवी भरली आणि गाडीत बसले. पिशवीत त्याचे कपडे, टॉवेल आणि एक्स-रेचं मोठं पाकीट.

त्या सकाळी मळ्यात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. प्रभूला सगळ्यांत पुढं बसवलं. उंच, देखणा, कोल्हापूरचा खेळाडू. बाबाला असा साक्षीदार पुन्हा मिळाला नसता.

"ह्यो बगा! डाक्टरनं ह्येच्या बरगडीत नळ घातलता, नळ! आनि म्या? नुसतं शिंग! बोल बाळा, दुखतंय?"

"न्हाई," प्रभू म्हणाला.

"दम हाय का छातीत?"

"हाय."

"मग फुक!" आणि बाबानं त्याच्या हातात शंख दिला.

मी उभी राहिले. "प्रभू, फुंकू नकोस!" मी ओरडले. माझ्या भोवतीच्या बायकांनी मला खाली ओढलं. प्रभूनं माझ्याकडं पाहिलं, मग अव्वाकडं. अव्वा हात जोडून बसली होती. त्यानं शंख ओठांना लावला.

आवाज निघाला, मोठा निघाला. लोक ओरडले. आणि शंख त्याच्या हातातून पडला.

त्यानं छाती धरली. तोंड उघडं, पण आत काही जाईना. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, ओठ निळे पडत गेले. तो बोलायचा प्रयत्न करत होता. हात हवेत मारत होता.

"वारं चढलं!" बाबा गरजला. "धरा त्येला! वाजवा!"

हलगी कडाडली. चौघांनी त्याचे हातपाय धरले. माझा भाऊ श्वासासाठी तडफडत होता आणि अख्खा मळा हात जोडून म्हणत होता, अंगात आलंय, अंगात आलंय. बाबानं शिंग टेकवलं. प्रभूनं अंग झटकलं, शिंग घसरून सतरंजीवर पडलं. बाबानं ते उचलायला वाकताना डावा हात अंगाशी दाबला.

आणि बरणीत बुडबुडे आले.

शिंग सतरंजीवर, माणूस हातभर लांब, आणि बरणीत बुडबुडे. त्या क्षणी मला त्याचं काही नव्हतं. ते नुसतं डोळ्यांत राहिलं. मी आणि रशीद माणसं तुडवत पुढं गेलो. रशीदनं दोघांना ढकलून पाडलं, प्रभूला खांद्यावर टाकलं. पाठीमागून कुणीतरी ओरडत होतं, "नेऊ नगा, अर्ध्यात नेऊ नगा!"

शिरोळच्या दवाखान्याच्या दारात गाडी लागली तेव्हा प्रभूचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याच्याशी बोलत होते. तिथल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले, आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "बाई, उतरा आता खाली."

आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून माती देतात. त्याला बसवलं तेव्हा तो इतका उंच होता की खड्डा आणखी खणावा लागला. शिवलीला रडली नाही. पोर मात्र रडत होती, तिला भूक लागली होती.

काही दिवसांनी मी डॉक्टर सदफना विचारलं, वाचला असता का? त्या म्हणाल्या, "निर्मला, मी खोटं नाही सांगणार. फुंकण्याच्या जोरानं आतलं भोक मोठं झालं असणार. प्रत्येक श्वासाला हवा आत येत गेली आणि बाहेर पडायला वाट नाही. त्या दाबानं दुसरं फुप्फुस आणि हृदयही दबलं. अशा वेळी बरगड्यांच्या मधे एक जाड सुई टोचतात. हवा फुस्सकन निघते आणि माणूस श्वास घेतो. आदल्या दिवशी दाखल झाला असता तर नळी असती आणि तेवढीही वेळ आली नसती."

एक सुई. तिलाच तो बाबा दरबारात हसत होता.

मला वाटलं होतं, आता अव्वाचे डोळे उघडतील. झालं उलटंच. बाबाचा माणूस आमच्या दारी येऊन सांगून गेला: सुनेनं चोरून मशीनसमोर उभं केलं, मशीनच्या किरणांनी बाबाचं कवच फुटलं, म्हणून वारं उलटलं.

अव्वानं ते धरून ठेवलं, बुडताना हाताला लागेल ते धरावं तसं. तिनं शिवलीलाच्या हातचं पाणी घ्यायचं सोडलं. एका दुपारी भरल्या घरात म्हणाली, "तुझ्या पायानं गेला माझा ल्योक. पोर घे आनि जा चिक्कोडीला."

रात्रीच्या जेवणाला शिवलीला आली नाही. मी आत गेले तर ती सौंदर्याची झबली गाठोड्यात बांधत होती. ती म्हणाली, "आक्का, मी नेलं नसतं तर ते जगले असते का हो? खरं सांगा."

शिवलीला स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागली होती. बाबाचं सोंग उघडं पाडायचं, असं मी तेव्हा ठरवलं. खरं सांगायचं तर असाही विचार मनात आला, की अव्वाला हे दाखवणं म्हणजे तिच्या हातातली ती शेवटची काडीही काढून घेणं. मशीन दोषी नाही, सून दोषी नाही, बाबा लबाड. मग त्याच्यासमोर लेकाला कुणी नेलं? हा प्रश्न अव्वा स्वतःला विचारणारच होती. पण एकीला जगवायला दुसरीला, तीही निरपराध, जन्मभर जाळत ठेवायचं का?

मी डॉक्टर सदफना आणि रशीदला शिंग घसरलेलं असतानाचे बुडबुडे सांगितले. दोघंही दरबारात गर्दीत येऊन बसायला तयार झाले. मग अव्वाकडं गेले.

"अव्वा, येत्या अमावास्येला मी बाबासमोर झोपते. पण तू माझ्या शेजारी बसायचं. मी दाखवेन ते एकदा डोळ्यांनी बघायचं. त्यानंतरही तू म्हणालीस, तर शिवलीलाला मी स्वतः माहेरी पोचवते."

अव्वा घाबरली. पण आली.

बाबानं मला ओळखलं. आणि खूश झाला. "बगा! ज्यांच्या घरात वाऱ्यानं बळी घेतला, त्ये घर पुन्ना पायाशी आलं! हिच्या बी छातीत हाय त्ये. बसा, घाबरू नगा."

मी सतरंजीवर पडले. अव्वा डोक्याशी बसली. शिंग माझ्या पदरावर टेकलं. बाबा घुमायला लागला, डावा हात घोंगड्याखाली हलला.

"सुटलं! वारं सुटलं!"

बरणी खळखळत होती. मी शिंगावर हात ठेवून ते तसंच दाबून धरलं, उठून बसले आणि पदराखालून, छातीवर पट्टीनं बांधलेली वस्तू ओढून काढली. प्रभूचा एक्स-रे. जाड, गुळगुळीत प्लास्टिकची फिल्म.

"माझ्या छातीवर हे बांधलं होतं," मी मोठ्यानं म्हटलं. वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो तोच आवाज मी लावला. "यातून पाणी जात नाही, हवा जात नाही. मग बाबा, तुम्ही वारं कुठनं काढलंत?"

बाबा हसला. "आगं, मंतराला पिलास्टिकचा आडोसा व्हय? मंतर भिताडातनं जातो!"

काही माणसं हसली. त्यांना बरं वाटलं, उत्तर मिळालं म्हणून.

"बरं," मी म्हटलं. "मग शिंग मी धरते. तुम्ही घोंगडं काढून, दोन्ही हात वर करून मंत्र म्हणा. बुडबुडा आला तर मी इथंच तुमच्या पायावर डोकं ठेवते."

बाबाचं हसू थांबलं. "बाईमानसानं शिंगाला हात लावू नये. उठ. उठवा हिला!"

दोघं पुढं आले. पण गर्दीतूनच एक म्हातारा म्हणाला, "आरं, वर करा की हात. त्यात काय जातंय?" आणि मग आणखी कोणी. बाबा उठायला लागला. रशीद मागून आलेला त्याला दिसला नाही. रशीदनं नुसतं घोंगडं ओढलं.

नळी एक नव्हतीच. शिंगाची नळी चार बोटांवर बाबाच्या सदऱ्याला गाठ मारून संपत होती, आणि शिंगाचं टोक आतून लाखेनं बुजवलेलं. दुसरी नळी बरणीतून निघून त्याच्या काखेत गेली होती, आणि काखेत एक काळा रबरी फुगा.

डॉक्टर सदफ गर्दीतून पुढं आल्या. "हा रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आहे," त्यांनी सगळ्यांना तो दाखवला. "हाताला पट्टा बांधून आम्ही हाच दाबतो. दाबला की हवा पुढं जाते. सोडला की मागच्या भोकातून पुन्हा भरून घेतो, पाणी उलटं येत नाही. बस्स. दवाखान्यात रोग्याच्या छातीतली हवा खरोखर बाटलीतून काढतात. ते यानं पाहिलं आणि त्याचं सोंग केलं."

"पर आमाला गुन आलता की, डाक्टरीनबाई!" तोच म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काकुळती होती.

"आजोबा, तुमचं दुखणं थांबलं ते खरं. छातीतली कळ पुष्कळदा दोन-चार दिवसांत आपोआप शमते. पण आत काय झालंय ते दुखण्यावरून कळत नाही. यांच्या भावाची कळही थांबली होती. फुप्फुस मिटलेलंच होतं."

लोक आता ओरडत होते. कुणी बाबाची गचांडी धरली, कुणी रशीदची. मला त्यातलं फार आठवत नाही, कारण मी अव्वाकडं बघत होते. तिनं डॉक्टरच्या हातातून तो फुगा घेतला होता. नळीचं तोंड तिनं आपल्या तळहातावर धरलं आणि फुगा दाबला. तळहातावर फुस्स करून हवा आली. तिनं पुन्हा दाबला.

"येवढंच?" ती मला म्हणाली.

"एवढंच, अव्वा."

"ह्येच्यासाटी म्या त्येला हितं आनला?"

ती उठली नाही. मी आणि रशीदनं तिला उचलून गाडीत बसवलं.

घरी आल्यावर अव्वा शिवलीलासमोर उभी राहिली. म्हणाली, "लीला, तू त्येला वाचवाया नेलतंस. म्या मारायला नेला." शिवलीला आत निघून गेली. तिनं गाठोडं सोडलं, झबली घडी करून पुन्हा फडताळात ठेवली, पण सासूशी बोलायला तिला पुढचा पावसाळा उजाडला. मी तिला कधी समजावलं नाही. तिचा तेवढा हक्क होता.

आकारामबाबावर फसवणुकीची तक्रार झाली. तो जामिनावर सुटला आणि सीमेपलीकडं गेला, असं ऐकलं. तिकडं आता पोटातला साप काढतो म्हणे. त्याच्यासमोर पुन्हा कुणीतरी हात जोडून बसलेलं असेलच.

त्यानंतर दोनेक वर्षांनी लांबच्या खेड्यातली एक बाई, शालूबाई नावाची, आपल्या तरण्या मुलाला घेऊन आमच्या दुकानात आली. मुलगा ट्रॅक्टर चालवायचा. पाठीला बाक देऊन उभा होता, एका हातानं छाती धरून. "आवो, त्यो शिरोळकडचा वारं काढनारा बाबा आता कुटं गेला? तुमच्याकडची मानसं जायची म्हनं," बाईनं विचारलं.

अव्वानं तराजू खाली ठेवला. दुकान उघडं टाकून ती रस्त्यावर आली, रिक्षा थांबवली, त्या मायलेकांना आत ढकललं आणि स्वतः पुढं बसली. त्या मुलालाही तेच झालं होतं, दुसऱ्यांदा. त्याला नळी घातली, नंतर ऑपरेशन झालं, फुप्फुस भिंतीला चिकटवलं. तेवढे दिवस अव्वा रोज डबा घेऊन दवाखान्यात गेली. आमच्या प्रभूचं नाव तिनं तिथं काढलं नाही.

घरी सोडताना पोरगा तिच्या पाया पडायला वाकला. तिनं त्याचे खांदे धरले. "माज्या पाया पडू नगंस, लेकरा. सिगरेट वडू नगंस. पुन्ना टोचलं तर आदी हितं ये. दुखायचं थांबलं तरी ये. तुझी आय दुसरीकडं न्याया लागली, तर तिचं ऐकू नगंस. आयला कळत न्हाई. आयला निस्ती माया असती."

मी हे सगळं लिहिलं ते एवढ्याचसाठी. देवाला जायचं तर जा, अंगारा लावायचा तर लावा. पण माणसाचा श्वास अडला, तर आधी डॉक्टरकडं न्या. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका. कसं झालं ते विचारा, हात वर करून दाखव म्हणा. जो विचारू देत नाही, त्याच्यासमोर आपलं माणूस झोपवू नका.